सात ठिकाणांचा डेटा, एक देखरेख : आमच्या कारखान्याच्या बॅकअप व्यवस्थेचे परीक्षण

टॉवेल आणि चादरी तयार करणाऱ्या एका कंपनीचा संगणक विभाग मी गेली अकरा वर्षे सांभाळतो आहे. मुख्य कार्यालय सोलापुरात होटगी रस्त्यावर, विणकाम अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, रंगाई आणि फिनिशिंग चिंचोलीच्या एमआयडीसीत, तयार मालाचे गोदाम बार्शीत आणि विक्री कार्यालये पुणे, मुंबई व हैदराबाद येथे, अशी आमची सात ठिकाणे आहेत. या सातही ठिकाणांसाठी संगणक विभागात माणसे दोनच. चौदा महिन्यांपूर्वी आम्ही या सर्व ठिकाणांच्या बॅकअपसाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर निवडले. ते का निवडले, कोणते पर्याय बाजूला ठेवले आणि इतक्या महिन्यांच्या वापरात त्याचे गुण-दोष कसे दिसले, हे इथे सविस्तर लिहीत आहे. आपल्याकडच्या अनेक यंत्रमाग आणि प्रक्रिया कारखान्यांची रचना अशीच विखुरलेली आहे, आणि हा निर्णय बहुतेक ठिकाणी नुकसान झाल्यानंतरच घेतला जातो.

आमच्याकडेही तसेच झाले. पूर्वी प्रत्येक शाखेत बाहेरून जोडलेली एक हार्ड डिस्क आणि रोज रात्री तिच्यावर फाइली उतरवणारे एक लहानसे सॉफ्टवेअर अशी व्यवस्था होती. एका मे महिन्यात, पारा ४३ अंशांच्या वर गेलेला असताना, बार्शीच्या गोदामातील सर्व्हरची डिस्क निकामी झाली. बॅकअपच्या नोंदीत रोज ‘यशस्वी’ असा शेरा होता, त्यामुळे पहिल्या तासात मला फारशी काळजी वाटली नाही. प्रत्यक्षात डिस्क उघडून पाहिली तेव्हा तिच्यावरचा टॅलीचा डेटा पाच महिन्यांपूर्वीचा निघाला. जागा अपुरी पडते म्हणून डिसेंबरमध्ये टॅलीचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले गेले होते, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याच, काहीही न बदलणाऱ्या फोल्डरची प्रत रोज काढत राहिले होते. ते फोल्डर मीच हलवले होते. गोदामाचे हिशेबनीस काका बिलबुके आणि चलने समोर घेऊन एकोणीस दिवस रात्री उशिरापर्यंत बसले आणि त्यांनी पाच महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. “कागद आहेत म्हणून निभावलं, साहेब. कागद नसते तर?” एवढेच ते म्हणाले, आणि तो प्रश्न मला अजून सोडत नाही.

कारण आमच्या सर्वांत मौल्यवान डेटाचा कागद नाहीच. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) आल्यापासून नक्षी पंचकार्डांवर नसते, ती फाइलीत असते. आमच्या डिझाइन विभागात वीस वर्षांत जमलेल्या चादरींच्या आणि टॉवेलच्या बॉर्डरींच्या हजारो नक्ष्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच अशा कारागिरांच्या हातच्या आहेत की जे आता निवृत्त झाले आहेत. चिंचोलीत रंगांच्या शेड जुळवणाऱ्या संगणकावर ग्राहकांनी मंजूर केलेल्या छटांची मोजमापे आणि कृती आहेत. ती गेली तर जुन्या ग्राहकाला पुन्हा तीच छटा देण्यासाठी प्रयोगशाळेत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. हिशेब पुन्हा लिहिता येतो, नक्षी पुन्हा ‘लिहिता’ येत नाही. निवड करताना हा फरक मी सतत समोर ठेवला.

‘मध्यवर्ती बॅकअप’ म्हटले की सर्व शाखांचा डेटा मुख्य कार्यालयातील एका मोठ्या पेटीत गोळा करायचा, असे चित्र डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्यांपैकी बहुतेकांनी तेच चित्र दाखवले. परंतु साध्या गणितापुढे ते टिकत नाही. आमच्या शाखांतील ब्रॉडबँडची अपलोड गती भरवशाने धरता येईल अशी २० एमबीपीएस आहे. म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट, तासाला सुमारे ९ जीबी आणि रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ७२ जीबी. चिंचोलीचा एकूण डेटा १.४ टीबी आहे. तो पहिल्यांदा पाठवायलाच वीस रात्री लागतील. त्यानंतर रोजचा बदल थोडा असतो, त्यामुळे पाठवण्याचा प्रश्न सुटतो, पण परत आणण्याचा प्रश्न तसाच राहतो. चिंचोलीचा सर्व्हर बुडाला तर सोलापुरातून तेवढाच डेटा त्याच प्रकारच्या लाइनवरून परत न्यायला अखंड साडेसहा दिवस लागतील, आणि तितके दिवस रंगाई थांबवणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही. बॅकअप किती सुबक गोळा होतो यापेक्षा शाखा किती वेळात पुन्हा उभी राहते, हाच निकष लावायला हवा, असे माझे ठाम मत याच हिशेबातून झाले. मध्यवर्ती हवी ती देखरेख आणि दुसरी प्रत. पहिली प्रत शाखेच्या जवळच हवी.

या निकषावर पर्याय आपोआप गाळले गेले. पूर्णपणे क्लाउडवर चालणाऱ्या सेवा, ज्यांत २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या द्रुवासारखी नावे आहेत, त्या लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी अतिशय सोयीच्या आहेत, परंतु मोठा सर्व्हर परत आणताना शाखेची लाइन आडवी येते. वीम हे व्यावसायिक सॉफ्टवेअर मी चाचणीसाठी महिनाभर वापरले. त्याची पुनर्स्थापनेची, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत बसवण्याची, सोय उत्तम आहे, आणि दहा यंत्रांपर्यंत चालणारी मोफत आवृत्तीही आहे, त्यामुळे लहान कार्यालयाने तिचा विचार जरूर करावा. आमची संख्या मात्र त्या मर्यादेच्या बरीच पुढे होती. बॅक्युला आणि त्यातूनच पुढे वेगळे झालेले बॅरिओस ही जुनी, भक्कम आणि टेपवर बॅकअप घेणाऱ्या मोठ्या संस्थांना शोभणारी साधने आहेत. डायरेक्टर, स्टोरेज आणि फाइल अशा तीन स्वतंत्र सेवा आणि शिवाय सूचीसाठी डेटाबेस, हे सर्व मजकुरी फाइलींमधून जुळवावे लागते. त्यासाठी पूर्णवेळ एक माणूस हवा आणि तो आमच्याकडे नाही. रेस्टिक व बोर्ग या बॅकअप साधनांची रचना मला मनापासून आवडते, तरी ती एका यंत्रासाठी सुटसुटीत आहेत. सात ठिकाणचे वेळापत्रक आणि अहवाल आपण स्वतः बांधायचे म्हटले तर मी रजेवर असताना ते कोणाला उमगणार, या विचाराने ती बाजूला राहिली.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरची पहिली स्थिर आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. आमच्या शाखांतील सर्व्हर आधीपासूनच प्रॉक्समॉक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांवर, होते, त्यामुळे ते वापरून पाहणे स्वाभाविक होते. पण निवडीचे खरे कारण त्याची साठवण्याची आणि पाठवण्याची पद्धत आहे. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचे ते ४ मेबीबाइटचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याची त्यातील मजकुरावरून एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने ओळख ठरवते आणि एकच तुकडा कितीही वेळा आला तरी एकदाच साठवते. आमच्या सर्व शाखांतील विंडोज एकाच साच्यातून तयार केलेले असल्यामुळे त्यांचा सारखा भाग सोलापूरच्या पेटीत जवळजवळ एकदाच राहतो. दुसऱ्या ठिकाणी प्रत पाठवतानाही तिथे नसलेले तुकडेच प्रवास करतात. चिंचोलीहून रात्री साधारण ६ ते ८ जीबी येतात आणि पहाट होण्याच्या आत काम संपलेले असते.

आमची मांडणी अशी आहे की प्रत्येक मोठ्या शाखेत एक लहान बॅकअप सर्व्हर आहे, जो तिथल्या तिथे दर चार तासांनी बॅकअप घेतो, आणि सोलापूरचा मध्यवर्ती सर्व्हर रात्री प्रत्येक शाखेत जाऊन त्या प्रती स्वतः ओढून आणतो. इथे ‘ओढणे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. शाखेने केंद्राकडे डेटा ढकलायचा तर केंद्रात शिरण्याची किल्ली (पासवर्ड) शाखेच्या यंत्रावर ठेवावी लागते, आणि खंडणीखोर व्हायरस शिरला की तो शाखेतून केंद्रापर्यंत पोचू शकतो. केंद्रानेच ओढायचे ठरवले की शाखेजवळ केंद्रात शिरण्याची कोणतीही किल्ली उरत नाही. केंद्राला शाखेत वाचण्यापुरतीच परवानगी लागते, आणि शाखेत कोणी प्रती पुसल्या तरी केंद्रातील प्रती तशाच राहतात, कारण त्या कधी काढायच्या हे केंद्र स्वतंत्रपणे ठरवते. ही एकच सोय माझ्या दृष्टीने या सॉफ्टवेअरच्या बाकीच्या सर्व गुणांहून मोठी आहे.

जून २०१७ मधील नॉटपेट्या या डेटा नष्ट करणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्याची आठवण आमच्या निर्यात विभागात अजून काढली जाते, कारण सोलापूरचा टॉवेल ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो तिथल्या एका टर्मिनलचे काम तेव्हा विस्कळीत झाले होते. मेर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांची खाती आणि प्रवेश सांभाळणारे सर्व्हर) जगभर एकमेकांशी जोडलेले होते, म्हणून ते एकदमच पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधील एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि यंत्र बंद होते. त्याच प्रतीवरून पुढची उभारणी झाली. हे वाचल्यापासून आम्ही दर शनिवारी मध्यवर्ती सर्व्हरची प्रत एका काढत्या डिस्कवर घेतो, ती डिस्क तारेतून सोडवतो आणि दुसऱ्या इमारतीतील तिजोरीत ठेवतो. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम आहे. त्यातली एक प्रत कोणत्याही तारेला जोडलेली नसावी, एवढी भर मी त्यात आग्रहाने घालीन.

केंद्रासाठीची सुरुवातीची संपूर्ण प्रत इंटरनेटवरून आणण्याचा विचार आम्ही केलाच नाही. शाखेत सांकेतिक रूपात बॅकअप घेतलेली डिस्क माझा सहकारी बार्शीहून एसटीने आणि चिंचोलीहून मोटारसायकलवर घेऊन आला, आणि हैदराबादची डिस्क तिथले प्रतिनिधी रेल्वेने घेऊन आले. सांकेतिकीकरण शाखेतच, एईएस-२५६ पद्धतीने होते, त्यामुळे वाटेत डिस्क हरवली तरी ती दुसऱ्याला वाचता येत नाही. मात्र सांकेतिकीकरणाची किल्ली हरवली तर ती आपल्यालाही वाचता येत नाही, आणि वेगवेगळ्या शाखांना वेगवेगळ्या किल्ल्या दिल्या तर सारखे तुकडे एकदाच साठवण्याचा फायदाही जातो. आम्ही सर्व शाखांना एकच किल्ली ठेवली, सॉफ्टवेअरमधील सोय वापरून ती क्यूआर कोडसह कागदावर छापली आणि तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या तिजोऱ्यांत ठेवल्या. हे काम बॅकअप सुरू करण्याच्या आधी करावे; नंतर ते राहून जाते.

आता दोष. पहिला आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे विंडोजच्या साध्या संगणकांसाठी यात अधिकृत क्लायंट, म्हणजे त्या संगणकावर बसवून बॅकअप पाठवणारे सॉफ्टवेअर, नाही. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर अडचण नाही, पण डिझाइन विभागातील आणि शेड जुळवणारे संगणक तसे नाहीत. त्यांच्यासाठी आम्हाला अर्बॅकअप हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर जोडीला घ्यावे लागले. ते विंडोजच्या शॅडो कॉपी या, डिस्कची क्षणचित्र प्रत काढणाऱ्या, सोयीचा आधार घेऊन उघड्या फाइलींचीही प्रत घेते आणि चांगले चालते. तरी दोन व्यवस्था सांभाळणे म्हणजे दोन ठिकाणी लक्ष ठेवणे हे मान्य करावे लागते.

दुसरा दोष साठवणुकीच्या पद्धतीतूनच येतो. डेटा लक्षावधी तुकड्यांत विखुरलेला असल्यामुळे साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर पडताळणी फार संथ चालते. निर्मात्यांनी एसएसडीची (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कची) शिफारस केली आहे; खर्च वाचवण्यासाठी आम्ही शाखांत साध्या डिस्क घेतल्या आणि तो निर्णय चुकला. मध्यवर्ती सर्व्हरवर एसएसडी आहेत आणि तिथे सर्व प्रतींची पडताळणी शनिवारच्या रात्रीत आटोपते, शाखेत त्याहून कितीतरी कमी डेटाला दोन रात्री लागतात.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या विजेशी संबंधित आहे. डिस्कवरील कोणता भाग बदलला याची टाचण चालू व्हर्च्युअल मशीनच्या स्मृतीत असते. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाली की ही टाचण जाते आणि पुढच्या बॅकअपला पूर्ण डिस्क पहिल्यापासून वाचावी लागते. लाइनवरून जाणारा डेटा त्यामुळे वाढत नाही, पण वेळ वाढतो आणि सर्व्हर मंदावतो. उन्हाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर दम सोडतात, म्हणून आम्ही बॅटऱ्या बदलण्याचे काम मार्चमध्येच करू लागलो. विणकामाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत कापसाचे बारीक तंतू पंख्यांत अडकून सर्व्हर तापतो, हे तर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. अक्कलकोट रस्त्यावरील बॅकअप सर्व्हर आम्ही शेडमधून काढून कार्यालयाच्या मजल्यावर नेला.

सूचनांच्या बाबतीतही एक उणीव सांभाळून घ्यावी लागते. काम फसले तर ई-मेल येते, पण सर्व्हरच बंद असेल तर ई-मेल पाठवणार कोण? त्यामुळे आम्ही यशस्वी कामांचीही मेल मागवतो आणि सकाळी साडेनऊला त्या मोजतो. संख्या कमी भरली की ज्या शाखेची मेल नाही तिथे लगेच फोन जातो. बार्शीच्या प्रसंगानंतर ‘यशस्वी’ या एका शब्दावरचा माझा विश्वास उडाला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबसारख्या तंत्रज्ञान कंपनीने चुकून आपला डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

कायद्याची बाजूही निवडीत धरावी लागली. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, संगणकावर ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. स्वतःचा मध्यवर्ती सर्व्हर सोलापुरात असल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटला. क्लाउड सेवा घेणाऱ्याने मात्र तिचे सर्व्हर भारतात आहेत की नाहीत हे करारात लिहून घ्यावे. आम्ही रोजच्या ३०, आठवड्याच्या १२, महिन्याच्या २४ आणि वर्षाच्या ८ प्रती ठेवतो. बदल थोडेच असल्यामुळे एवढ्या प्रतींना लागणारी जागा अपेक्षेपेक्षा कमी आहे.

मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेमुळे शहरातील कामकाज थंडावलेले असते. ती संधी साधून आम्ही यंदा बार्शीची शाखा बुडाली असे समजून पूर्ण सराव केला. नवा, कोरा सर्व्हर टेबलावर ठेवला, घड्याळ लावले आणि शाखेतीलच प्रतीवरून काम सुरू केले. ‘लाइव्ह रिस्टोअर’ या सोयीमुळे डेटा मागून येत असतानाच व्हर्च्युअल मशीन सुरू होते. टॅलीचा पडदा २६ मिनिटांत दिसला आणि संपूर्ण पुनर्स्थापना तीन तास दहा मिनिटांत झाली. या सोयीत एक धोका आहे, तो असा की मध्येच पुनर्स्थापना फसली तर दरम्यान नव्याने भरलेले काम जाते, म्हणून ते तीन तास कोणालाही नोंदी करू दिल्या नाहीत. त्यानंतर शाखेची प्रतही नाही असे समजून सोलापूरच्या प्रतीवरून तेच केले. लाइनवरून न आणता डिस्क भरून मोटारीने बार्शीला नेली आणि सर्व मिळून नऊ तास लागले. दोन्ही वेळा हिशेबनीस काकांना बोलावून शेवटचे बिल त्यांच्याच हाताने उघडायला लावले. त्यांनी बिलबुकातील क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, रक्कम पाहिली आणि मागची दहा बिलेही तपासली. मी त्यांना थांबवले नाही.

खर्चाच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर उद्योगांना परवडणारे आहे. किती यंत्रांचा किंवा किती डेटाचा बॅकअप घेतला यावर त्याचे शुल्क ठरत नाही. वर्गणी प्रत्येक बॅकअप सर्व्हरमागे वार्षिक आहे आणि ती घेतली नाही तरी सर्व सोयी वापरता येतात. मध्यवर्ती सर्व्हरसाठी आम्ही ती घेतली, कारण अद्ययावत आवृत्त्या तपासून मिळतात. शाखांतील सर्व्हर वर्गणीविना चालतात. खरा खर्च डिस्क, यूपीएस आणि आमच्या दोघांच्या सुमारे तीन महिन्यांच्या वेळेचा झाला. ज्यांच्या शाखांत सर्व्हर व्हर्च्युअल नाहीत, दोन-चार संगणक आणि एक टॅली एवढाच पसारा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. शाखेत अर्बॅकअप किंवा बॅकअपची सोय अंगभूत असलेली चांगली नॅस पेटी (नेटवर्कवर जोडलेले साठवणुकीचे यंत्र), तिची रात्रीची प्रत मुख्य कार्यालयात आणि आठवड्याला एक तारेतून सोडवलेली डिस्क एवढे त्यांना पुरेल. ज्यांच्याकडे तीनपेक्षा अधिक ठिकाणी व्हर्च्युअल सर्व्हर आहेत आणि लिनक्सची भीती नसलेला एक तरी माणूस आहे, त्यांनी एका शाखेत हे बसवून, पुनर्स्थापनेचा सराव करून आणि लागलेला वेळ मोजूनच बाकीच्या शाखांकडे वळावे. आमच्या शाखांतील साध्या डिस्क दिवाळीपूर्वी बदलायच्या ठरल्या आहेत, आणि त्यात पहिला क्रमांक चिंचोलीचा आहे.